एक जूनचा वाढदिवस



आज वाढदिवसाविषयी चार शब्द बोलायचे आहेत. आधी एक सांगून टाकतो. मला वाढदिवस दोन आहेत. एक आईने सांगितलेला, दुसरा शाळेने दिलेला. आपल्यापैकी पुष्कळांचे तसेच असेल. खरे की नाही?

माझा जन्म रोह्याचा. आईला तारीख ठाऊक नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावी धावीर महाराजांची पालखी निघते नि घरोघर फिरते. "पालखी दारात आली तेव्हा तू तीन दिवसांचा होतास," एवढे ती सांगायची. म्हणजे आश्विन शुद्ध अष्टमी. त्या दिवशी पहाटे ती तेल लावून न्हाऊ घाली, पाटावर बसवून ओवाळी नि तीळगूळ घातलेले दूध प्यायला देई. अश्वत्थामा, बळी, व्यास, मारुती, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम आणि मार्कंडेय ही नावे म्हणायला लावी. त्यांच्याएवढे आयुष्य मला मिळावे म्हणून! पण नवरात्रातली अष्टमी, घरात उपास. त्यामुळे पक्वान्नाची मजल साबुदाण्याच्या खिरीपलीकडे कधी गेली नाही. शेजारचा मुलगा श्रावणातला, त्याच्याकडे नारळीभात असे. याचे मला फार वाईट वाटायचे.

तिथीचा वाढदिवस इंग्रजी महिन्यात एका जागी बसत नाही. तिथी आणि तारीख पुन्हा जुळायला एकोणीस वर्षे लागतात. मास्तरांना एवढी सवड कुठली? शाळेत नाव घालताना आईने पालखीची खूण सांगितली, मास्तरांनी १ जून लिहिला. गावोगाव असेच झाले. ज्या घरात पत्रिका मांडली जाई तिथे तारीख राहिली. पेण तालुक्यातल्या गागोद्याला विनोबा जन्मले, ती तारीख ११ सप्टेंबर १८९५. रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले यांची १९ ऑक्टोबर १९२०. बाकीच्यांच्या वाट्याला पालखी, पूर नाहीतर भाताची लावणी.

पुढे मी पेण तालुक्यात शिक्षक झालो आणि मीही तेच केले.

एक बाई मुलाला घेऊन शाळेत आली. जन्म कधीचा, विचारले. म्हणाली, "जांभूळपाडा बुडाला ना गुरुजी, त्याच दिवशी झाला हा, उजाडताना." अंबा नदीचा तो पूर २४ जुलै १९८९ चा. तारीख मला तोंडपाठ होती, साऱ्या जिल्ह्याला होती. पण वयाला दोन महिने कमी पडत होते, मुलाचे वर्ष फुकट गेले असते. मी १ जून १९८९ लिहिले. बाईने अंगठा उठवला. आपण त्या पोराचे भलेच केले, असे मला वाटले होते.

तो मुलगा शिकला, सरकारी नोकरीत लागला. दर १ जूनला पेढे घेऊन माझ्याकडे येतो. "गुरुजी, तुम्ही दिलेला वाढदिवस!" असे हसत म्हणतो. एकदा मात्र हिशेब मांडला. १ जूनचा माणूस ३१ मेला निवृत्त होतो. जुलैचा असता तर आणखी दोन महिने पगार घेतला असता. मी स्वतः ३१ मेलाच घरी बसलो, मी काय बोलणार?

शिक्षक बंधुभगिनींनो, जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. मी रजिस्टर लिहीत होतो तेव्हाही तो होताच. एकवीस दिवसांच्या आत नोंद करायची, एवढेच काम. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखलाच प्रमाण धरतात. वाडीवरची एखादी बाई अजूनही पुरासारखी खूण सांगेल. तेव्हा पेन खाली ठेवून तिच्याबरोबर ग्रामपंचायतीत जा. उशिराची नोंदही होते, पण हेलपाटे पडतात.

गेल्या २४ जुलैला मी त्या मुलाच्या घरी गेलो. आई आता थकली आहे. त्या पुराने भोवतालच्या किती घरांतली माणसे नेली. म्हणून ती मुलाला दिवसा कधी ओवाळत नाही. दिवेलागणीनंतर दार लोटून घेते, मग निरांजन लावते. त्या रात्री तिने मलाही शेजारच्या पाटावर बसवले.

"तुमचा कधी असतो, गुरुजी?" तिने विचारले.

मी म्हणालो, "रोह्याची पालखी निघते ना, तिच्या तीन दिवस आधी."