वृद्धनिवासाची निवड : काय पाहावे, काय विचारावे

(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात वृद्धरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



उपचार पूर्ण झालेले असतात, डिस्चार्जचा कागद तयार असतो, आणि तरीही रुग्णाला घरी नेता येत नाही, असा प्रसंग आता वारंवार येतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजी सावरलेल्या असतात. परंतु घर दुसऱ्या मजल्यावर, मुलगा-सून दोघेही नोकरीवर आणि लेक परदेशी. मग नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, ‘डॉक्टर, एखादे चांगले ठिकाण सुचवाल का?’ त्या दबक्या आवाजामागे अपराधीपणाची भावना असते. तिच्यापायी चौकशी घाईने उरकली जाते आणि त्याची किंमत शेवटी वृद्धाला मोजावी लागते. म्हणून हा विषय आज उघडपणे मांडतो.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. निराधार वृद्धांची सोय करणाऱ्या संस्था आपल्याकडे नव्या नाहीत. पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह, म्हणजेच ‘निवारा’, एकोणिसाव्या शतकापासून हे कार्य करीत आहे. नवी आहे ती संस्थांची विविधता. धडधाकट ज्येष्ठांसाठी गृहसंकुले असतात, राहण्या-जेवणाची सोय करणारे वृद्धाश्रम असतात आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी शुश्रूषा केंद्रे असतात. आपल्या माणसाला यांपैकी कशाची गरज आहे, हे आधी त्याच्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे. बाग सुंदर आहे म्हणून, स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना गृहसंकुलात ठेवणे हे धोक्याचे ठरते.

प्रत्यक्ष पाहणीला जाल तेव्हा स्वागतकक्षात फार वेळ घालवू नका. थेट न्हाणीघर पाहा. फरशी निसरडी आहे का, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला आधारदांडा आहे का, उंबरठा आडवा येतो का, दाराला आतली कडी असल्यास ती बाहेरूनही उघडता येते का, हे तपासा. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत दारांची रुंदी किमान ९०० मिलिमीटर सांगितली आहे. जुन्या वाड्यातील वा बंगल्यातील आश्रमाला हे निकष लागू नसतील. तरीही खिशात मोजपट्टी ठेवण्यास हरकत नाही. चाकाची खुर्ची ज्या दारातून जात नाही, त्या दारातून संकटकाळी स्ट्रेचरही सहज जाणार नाही.

दुसरी भेट न कळवता, शक्यतो जेवणाच्या वेळी वा दिवेलागणीनंतर द्या. वृद्ध माणूस रात्री लघवीला उठताना पडतो. तेव्हा मदतीला कोण असते? रात्रपाळीला किती सेवक आहेत आणि ते किती जणांकडे पाहतात, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. औषधे कोण देतो आणि त्याची नोंद कोठे होते, ते वहीसकट पाहा. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे न झाल्यास शय्याव्रण होतात. अशा व्रणांसह वृद्ध आमच्याकडे दाखल होतात, तेव्हा जे काम दोन हातांनी झाले असते, त्यासाठी महिनोन् महिने उपचार करावे लागतात.

पुढचा प्रश्न विचारायला अवघड आहे, पण तो टाळू नका : ‘उद्या आमची आई अंथरुणाला खिळली, तर तुम्ही तिला ठेवाल का?’ ‘आम्हाला ते जमणार नाही’ असे स्पष्ट सांगणारी संस्था सगळ्याला होकार देणाऱ्या संस्थेपेक्षा अधिक विश्वासार्ह समजावी. हे उत्तर, अनामत रकमेच्या परताव्याची अट आणि अत्यवस्थ झाल्यास कोणत्या रुग्णालयात नेणार, हे तिन्ही मुद्दे करारात लेखी असावेत.

कायद्याचाही आधार आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याण अधिनियमानुसार मुलांकडून निर्वाह खर्च मिळवण्यासाठी ज्येष्ठांना न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर कलम २३ अन्वये ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. मात्र ती अट दस्तातच स्पष्ट नमूद करून घ्यावी. मदतीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

परंतु या साऱ्याच्या आधी ज्यांना तेथे राहायचे आहे, त्यांना विचारा. ‘दोन दिवसांसाठी’ असे सांगून नेलेली आई आपल्यावरचा विश्वास गमावते आणि तो सहसा परत येत नाही. शक्य असल्यास त्यांना आधी महिनाभर राहून पाहू द्या. देवघरातील मूर्ती, नेहमीची गोधडी, ओळखीची उशी बरोबर द्या. आणि प्रवेशाची पावती घेतली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानू नका. ज्यांच्याकडे घरचे माणूस वरचेवर येते, त्यांच्याकडे सेवकांचेही लक्ष अधिक राहते, हा आमचा अनुभव आहे.

शेवटी देणगीदारांना एक विनंती. संगमरवरी फलकासाठी दान देणारे पुष्कळ मिळतात. रात्रपाळीच्या सेविकेच्या पगारासाठी देणारे विरळा. वृद्धाश्रमाला देणगी देताना तो पगार आणि तिचे प्रशिक्षण यांचा विचार अवश्य व्हावा. मध्यरात्री हाक आल्यावर तीच धावून जाणार आहे.