सॉर्ट मारायच्या आधी एक मिनिट!

मी कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात हजेरीचं काम बघतो. ऑफिसात नव्यानं लागलेली पोरं-पोरी महिनाअखेरीला हमखास विचारतात, "दादा, सॉर्ट केलं की शीट बिघडते. असं का हो?"

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आडवी ओळ म्हणजे एक माणूस. टोकन नंबर, नाव, ओव्हरटाईमचे तास, बँक खातं, हे सगळं एकत्रच हललं पाहिजे. नुसता नावाचा कॉलम निवडून सॉर्ट मारला, तर नावं हलतात आणि तास जागेवर राहतात. नाईट एकानं केली, पैसे दुसऱ्याच्या नावावर! आणि खालची बेरीज तीच येते, त्यामुळं साहेबांनाही काही दिसत नाही. कळतं ते पगार जमा झाल्याचा मेसेज आल्यावर, त्या माणसाला.

मग करायचं काय? अख्खा कॉलम निवडू नका. त्यातल्या एकाच सेलवर क्लिक करून सॉर्ट करा. एक्सेलनं 'सॉर्ट वॉर्निंग' दाखवलं तर 'एक्सपांड द सिलेक्शन' निवडा. मध्ये रिकामा कॉलम असेल तर आधी काढून टाका. एक्सेलला वाटतं यादी तिथंच संपली, आणि पलीकडचे आकडे जागचे हलत नाहीत. गूगल शीट्समध्ये वरची हेडिंगची ओळ फ्रीज करा आणि 'सॉर्ट शीट' वापरा.

दुसरी अडचण. टोकन नंबर १, १०, १००, २ असे लागतात. म्हणजे ते आकडे नसून टेक्स्ट आहेत. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल. तिथून 'कन्व्हर्ट टू नंबर' करा.

पण खाते क्रमांकाला हे अजिबात करू नका! एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच धरून ठेवतं. १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि नंतर फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. म्हणून तो कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, मगच टाईप करा. पार्ट नंबरचंही तसंच. १०-२ लिहिलं की त्याची तारीख होते. यात नवखेच फसतात असं नाही बरं का. एक्सेल नावांच्या तारखा करतं म्हणून शास्त्रज्ञांनी काही जनुकांची नावंच बदलली. २०२० साली तसे नियमही जाहीर झाले.

शेवटी एक सवय लावून घ्या. सॉर्टच्या आधी शीटची कॉपी काढा आणि डावीकडं अनुक्रमांकाचा कॉलम टाका. म्हणजे कधीही मूळ क्रमावर येता येतं. कुठलीही तीन नावं त्यांच्या तासांसकट वहीत लिहा, सॉर्टनंतर पडताळा. एक जरी जुळलं नाही, तर सेव्ह न करता लगेच कंट्रोल झेड.

दोन मिनिटांचं काम आहे. पण त्या ओळीतल्या माणसानं त्यासाठी अख्खी रात्र भट्टीपुढं काढलेली असते.