अंदाजाने साबण होत नाही



आज साबणाविषयी बोलू. साबण आपण रोज वापरतो. एक वडी झिजली की दुसरी आणतो. पण तो होतो कशाचा? तेलाचा आणि खाराचा. तेल चिकटते. खार भाजतो. दोन्ही योग्य प्रमाणात एक झाले, की चिकटणे जाते आणि भाजणेही जाते. उरतो तो साबण.

खाराची ओळख आपल्या आज्यांना होतीच. त्या भांडी राखेने घाशीत. राखेत खार असतो, म्हणून तेलकट भांडे निघे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस कमी, पण लिंबाची झाडे भरपूर. आषाढात झाडाखाली लिंबोळ्यांचा सडा पडतो आणि आपण तो तुडवीत जातो. त्या बियांत तेल आहे. ते खाण्याचे नाही, पण साबणाला चालते. अशा वस्तूंतून गावाला काम मिळावे, हा विचार जुना आहे. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग आला. न खाण्याच्या तेलांचा साबण हा आयोगाच्या उद्योगांपैकी एक होता.

आता आमची एक चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

१९८८ च्या सुमारास आम्ही शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून साबण करून घेतला. वाण्याकडून तराजू आणायचा आम्ही कंटाळा केला. कास्टिक सोडा चमच्याने अंदाजे टाकला. साबण दिसायला छान झाला. पांढरा, कडक. चार दिवसांनी मुलांना एकेक वडी घरी दिली. तिसऱ्या दिवशी एका मुलीची आजी शाळेत आली. तिने दोन्ही हात पुढे केले. कातडी लाल झाली होती, बोटांची सालपटे निघाली होती. ती म्हणाली, "गुरुजी, आम्ही अडाणी. आमचं चुकलं तर चालतंय. तुम्ही तर शिकलेलं हाय ना?"

आम्ही तिला दवाखान्यात नेले. मग घरोघर जाऊन सगळ्या वड्या परत आणल्या. रात्री सोड्याची पुडी हातात घेतली. जपून वापरा, कातडी भाजते, असे तिच्यावर छापलेले होते. आम्ही दुसऱ्यांना वाचायला शिकवीत होतो, आणि स्वतः पुडी वाचली नव्हती.

म्हणून आता नीट ऐका. पहिल्या खेपेला थोडाच साबण करावा. तेल, सोडा, पाणी, सगळे तोलून घ्यावे.

खोबरेल तेल २५० ग्रॅम.
लिंबोळीचे तेल २०० ग्रॅम.
एरंडेल ५० ग्रॅम.
कास्टिक सोडा ७५ ग्रॅम.
पाणी १७५ ग्रॅम.

म्हणजे अर्धा किलो तेलाला पाऊणशे ग्रॅम सोडा. खोबरेलाने वडी कडक होते. एरंडेलाने फेस टिकतो. तेल बदलले की सोड्याचे मापही बदलते. तेव्हा मनाने फेरफार करू नये. फवारणीचे लिंबोळी तेलही घेऊ नये. त्यात दुसरी द्रव्ये मिसळलेली असतात. बाटली वाचून घ्यावी.

भांडी स्टीलची घ्यावीत. जर्मनची किंवा जस्ताची मुळीच नकोत, सोडा ती खातो. ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नयेत. काम अंगणात करावे. पोरे, शेरडे-करडे लांब ठेवावीत. हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा असावा.

गार पाण्यात सोडा थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. सोडा पडताच पाणी आपोआप तापते, वाफ निघते. तोंड बाजूला ठेवावे. थंडीत खोबरेल गोठते, ते आधी पातळ करून घ्यावे. तेल आणि सोड्याचे पाणी दोन्ही कोमट झाली, की तेलात ते पाणी हळूहळू ओतावे आणि ढवळत राहावे. अर्धा-पाऊण तासही लागतो. मिश्रण पातळ पिठल्यासारखे होते. वरून थेंब सोडला तर त्याचा माग वर राहतो. तेव्हा ते प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या लाकडी खोक्यात ओतावे आणि पोत्याने झाकावे. एक-दोन दिवसांनी मोजे घालून वड्या कापाव्यात.

आणि आता खरी परीक्षा. ह्या वड्या लगेच वापरायच्या नाहीत. सावलीत, वाऱ्यावर, चार ते सहा आठवडे वाळू द्यायच्या. आम्ही चारच दिवस थांबलो होतो. वडीतून पाणी पाझरले किंवा आत पांढरे खडे दिसले, तर ती वडी अंगाला लावू नये.

सोडा अंगावर उडालाच, तर लिंबू वगैरे चोळत बसू नका. वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा. डोळ्यांत गेला तर तसेच धुऊन तडक दवाखाना गाठा.

लिंबोळीच्या साबणाला उग्र वास येतो. पण तो साबणच आहे, औषध नव्हे. खरूज झाली तर डॉक्टरकडेच जावे. घरापुरता साबण करायला हरकत नाही. अंगाचा साबण विकायचा असेल तर सरकारी परवाना लागतो.

कोणी विचारील, "गुरुजी, एवढं लिहून-तोलून करण्यापेक्षा दुकानातली वडी काय वाईट?" वाईट नाही. तेलाचा, सोड्याचा भाव वहीत लिहा, किती वड्या झाल्या ते लिहा, आणि भागाकार करा. परवडले तर करा, नाही तर सोडा. पण हिशेब तुमचा तुम्ही करा.

आता उद्याचा अभ्यास. घरातली कोणतीही एक पुडी घ्या. मिठाची, खताची, औषधाची, कसलीही. तिच्यावरचा मजकूर घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. जो शब्द अडेल तो वहीत लिहून आणा. उद्या आपण तो मिळून वाचू.