नियम बदलला, आता पंचायतीचा अर्जही बदलूया

आम्ही बचत गटांचं काम पाहणाऱ्या तुमच्याच बाया. हातातलं काम सुरू ठेवा, पण कान इकडे द्या. आजचं बोलणं घराबद्दल आहे.

‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. पण बांधताना जेवढा घाम गळत नाही, तेवढा आधी कागद गोळा करताना गळतो. आमच्या गटांमधून घरासाठी कर्ज मागणाऱ्या बायका वाढल्या, तेव्हा ही गोष्ट आमच्या लक्षात आली. कर्ज वेळेवर मिळायचं, विटाही यायच्या, आणि काम परवानगीपाशी अडायचं. विटांवर पाऊस आणि कर्जावर व्याज, दोन्ही पडत राहायचं.

एका गटातल्या ताईंचं सांगतो. नवरा वारलेला, पदरात दोन मुलं. गावठाणातच पडकं घर आणि त्याखालची जागा, सगळी मिळून जेमतेम नऊशे चौरस फूट. वारसनोंद झालेली, म्हणजे जागा त्यांच्याच नावावर. पंचायतीत गेल्या तर उत्तर मिळालं, “जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाचा अभिप्राय आणा.” जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार, वर एस.टी.चं भाडं. तीन हेलपाटे झाले. तिथे कळलं की एवढ्याशा जागेसाठी इथे यायची गरजच नाही. म्हणजे नियम केव्हाच बदलला होता, पण आमच्या पंचायतीच्या कपाटातला अर्ज जुनाच होता.

आता नियम काय बदलला ते नीट ऐका. जमलं तर लिहून घ्या, नाहीतर घरातल्या शाळकरी पोराला लिहायला सांगा.

२ डिसेंबर २०२० रोजी राज्य सरकारने बांधकामाची एकच नियमावली मंजूर केली. तिला एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली म्हणतात. मुंबई महापालिका आणि असे काही भाग वगळले, तर ती राज्यभर लागू आहे. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ग्रामविकास विभागाने गावांसाठी पद्धत सोपी केली. त्यात जागेच्या क्षेत्रफळाप्रमाणे तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी. जागा १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंत असेल, तर नगररचनाकारांकडे जायचं नाही. मालकीचा कागद, मोजणीचा नकाशा, घराचा नकाशा आणि हे सगळं नियमावलीप्रमाणे आहे असा परवानाधारक इंजिनिअरचा दाखला, एवढे कागद ग्रामपंचायतीत द्यायचे. विकास शुल्क भरायचं आणि कामाला लागायचं.

दुसरी पायरी. जागा त्याहून मोठी, पण ३०० चौरस मीटर म्हणजे साधारण ३,२०० चौरस फुटांच्या आत असेल, तर कागद तेच. पंचायतीने ते तपासून किती शुल्क भरायचं हे दहा दिवसांत कळवायचं, आणि शुल्क भरल्यावर पुढच्या दहा दिवसांत परवाना द्यायचा.

तिसरी पायरी त्याहून मोठ्या जागांची. तिथे मात्र नगररचनाकारांची मंजुरी लागते.

आता विचार करा, आपल्यापैकी कितीजणींची जागा सोळाशे फुटांच्या वर आहे? घरकुल योजनेतलं घर तर २६९ चौरस फुटांचं धरलेलं असतं. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकींचं काम पहिल्या पायरीवरच व्हायला हवं.

दुसरा बदल गावठाणाला लागून शेत असणाऱ्यांसाठी आहे. जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आलं. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत जमीन असेल, तर राहत्या घरासाठी वेगळी एन.ए. परवानगी काढावी लागत नाही. ठरलेली रक्कम सरकारकडे भरली, की जमीन बिनशेती झाली असं मानलं जातं. ती पावती जपून ठेवायची. जमीन वर्ग दोनची असेल तर नजराण्याचा प्रश्न येतो, तेव्हा सातबारा बघून आधी चौकशी करा. आणि एन.ए. झालं म्हणजे घर बांधायची परवानगी मिळाली, असंही नाही. त्यासाठी वर सांगितलेल्या तीन पायऱ्या आहेतच.

मग हे गावात का पोचलं नाही? आम्ही पंचायतीशी भांडायला गेलो नाही, बसून विचारलं. भाऊसाहेबांकडे तीन गावांचा भार. आधीच्यांची बदली झाली, ते जाताना जुनेच छापील अर्ज ठेवून गेले. दाखला दिला आणि उद्या लेखापरीक्षणात कोणी बोट दाखवलं तर काय, ही भीतीही होती. “जिल्ह्याला जा” म्हणणं त्यांना सुरक्षित वाटत होतं. त्यांचं भय खोटं नव्हतं, पण त्याची किंमत आमच्या ताई भरत होत्या.

तेव्हा आम्ही ठरवलं, पंचायतीला हे काम करायला मदतच करायची. काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

आधी शासनाच्या संकेतस्थळावरून नियमाचे कागद काढले आणि गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचले. भाषा जड आहे, एका बैठकीत दोन पानंच झाली. पण सगळ्याजणींना कळल्याशिवाय पुढे सरकलो नाही. एकटीला कळलं तर तिला गप्प बसवता येतं, वीसजणींना कळलं तर नाही.

मग महिला सभेत विषय घेतला. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हे आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. तिथे आम्ही मागणी मांडली: बांधकामाचा अर्ज नव्या नियमाप्रमाणे करावा, कोणत्या जागेला कोणते कागद लागतात याचा फलक पंचायतीच्या भिंतीवर लावावा, आणि आलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख नोंदवहीत लिहून पोच द्यावी. हीच मागणी पुढे ग्रामसभेत ठराव म्हणून आली. कोणी विचारलं, “ग्रामसभा कायदा बदलू शकते का?” नाही बदलू शकत. पण कायदा बदललाय, तर आपल्या पंचायतीने त्याप्रमाणे वागावं असं ग्रामसभा नक्की म्हणू शकते. ठराव झाल्यावर भाऊसाहेबांनाही बळ आलं. त्यांनी पंचायत समितीकडून लेखी मार्गदर्शन मागवलं आणि जुने अर्ज बाजूला ठेवले.

इंजिनिअरचा खर्च हा मोठा अडसर होता. चार गटांतल्या घर बांधणाऱ्या बायकांनी मिळून तालुक्याच्या एका परवानाधारक इंजिनिअरला गावात बोलावलं. एकाच दिवशी सगळ्या जागा मोजून घेतल्या. एकेकटीने जाण्यापेक्षा स्वस्त पडलं, आणि नकाशात आपली मोरी, न्हाणी, संडास कुठे हवा हे बायकांनी स्वतः सांगितलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सोपा नियम म्हणजे वाटेल तसं बांधा असं नव्हे. ओढ्याच्या पात्रात, सार्वजनिक वाटेवर किंवा सरकारी जागेत घर उभं केलं, तर कोणता दाखला वाचवणार? अंतरं सोडावीच लागतात. आणि ती आपल्याच भल्याची असतात. दोन घरांमधली बोळ बुजली, की सांडपाणी कोणाच्या दारात साठतं आणि ते कोण उपसतं, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून कोणी पाणवठ्याची वाट अडवून बांधत असेल, तर तोही विषय महिला सभेत घ्या. नियम आपल्या बाजूने वापरायचा तर तो आपल्यालाही लागू पडतो.

आता नावाबद्दल. पंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावावीत, असा शासन निर्णय २००३ सालापासून आहे. तरी कित्येक उताऱ्यांवर आपलं नाव नाही. घरपट्टी भरायला जाल तेव्हा उतारा मागा आणि बघा. नाव नसेल तर दोघांच्या सहीने अर्ज द्या. पण नमुना ८ म्हणजे मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जातात आणि मिळकत पत्रिका तयार होते. मोजणीच्या आधी हद्दीवर चुना मारतात. त्या दिवशी घरी थांबा, मजुरी बुडाली तरी थांबा. चुना कुठे पडतो, हे बघायला आपण हजर नसलो, तर पुढे वर्षानुवर्षं शेजाऱ्यांशी वाद घालावा लागतो. चौकशीत आपलं नाव सांगायलाही लाजू नका.

त्या ताईंचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यांनी नव्या अर्जावर कागद दिले, पोच घेतली, शुल्क भरलं आणि पाया खणला. त्यांच्या मागून आणखी बायकांचे अर्ज गेले. कोणालाही जिल्ह्याला जावं लागलं नाही. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की आता ताईंना कोणाची ओळख लागली नाही. भिंतीवरचा फलक वाचून काम झालं.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेच्या आधी तीन कामं करा. पंचायतीतला बांधकामाचा अर्ज मागून बघा, तो नवा आहे की जुना. आपल्या घराचा नमुना ८ काढा आणि नावं तपासा. महिला सभा कधी आहे ते विचारा, आणि नसेल ठेवली तर लेखी मागा. अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय उठू नका. सेवा वेळेत मिळावी यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात असलेली सेवा वेळेत मिळाली नाही, तर अपील करता येतं, आणि ते करताना हीच पोच कामाला येते.

मुंबईत झालेला कायदा आपोआप गावात येत नाही. त्याला कोणीतरी हाताला धरून पंचायतीच्या पायरीपर्यंत आणावं लागतं. ते काम आपण करू शकतो. तुमच्या गावात काय झालं, ते आम्हाला कळवा. काही अडलं, तरी कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू.