दुधाळ लघवी आणि आपली ओपीडी



या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात मी मूत्रमार्गाच्या दुर्मीळ विकारांवर बोलावं, अशी आयोजकांची इच्छा होती. मूत्राशय उघडं घेऊन जन्मणारी बाळं, हवेत ठेवल्यावर लघवी काळी पडणारा अल्काप्टोनुरिया यांवर उद्या जाणकार बोलतील. मला बोलायचंय ते कायल्युरियाबद्दल, म्हणजे हत्तीरोगाच्या कृमींमुळे होणाऱ्या दुधाळ लघवीबद्दल. परदेशी पाठ्यपुस्तकं त्याला चार ओळींत उरकतात. पण हत्तीरोग पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला असलेल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या डॉक्टरांना त्या चार ओळी पुरत नाहीत.

“लघवी दुधासारखी होते,” एवढंच रुग्ण सांगतो. लग्नाच्या पंगतीत तुपातेलाचं जेवण झालं की ती अधिक दाट होते. कधी गुठळ्या पडून लघवी तुंबते. आयुर्वेदाच्या वीस प्रमेहांत पीठ कालवलेल्या पाण्यासारखी लघवी होणारा पिष्टमेह आहे. तो हाच विकार, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही; पण वैद्यांनी लघवी डोळ्यांनी पाहून नोंदवली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

1866 मध्ये ब्राझीलच्या बाहियात ओटो वुखेरर यांना अशा लघवीत कृमींची सूक्ष्म पिल्लं दिसली. पुढे टिमथी लुइस यांनी कोलकात्यात ती आधी दुधाळ लघवीत आणि 1872 मध्ये माणसाच्या रक्तात दाखवली. म्हणजे हत्तीरोगाच्या कृमीचा माग काढण्यात लघवीचा वाटा मोठा होता.

आतड्यातून शोषलेला मेद वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या कृमींमुळे फुगतात, त्यांचा निचरा अडतो आणि मूत्रपिंडाच्या आत त्या फुटून लघवीत वाट काढतात. मेदाबरोबर प्रथिनं आणि लिम्फोसाइट पेशीही जातात. माणूस जेवतो आणि वाळत जातो. संसर्गानंतर हे घडायला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे रात्री घेतलेल्या रक्तात बहुधा काहीच सापडत नाही आणि आपण फायलेरिया, म्हणजे हत्तीरोग, नाही म्हणून मोकळे होतो. मग गढूळ लघवी म्हणजे पू, असं समजून अँटिबायोटिकचे कोर्स सुरू होतात. नाहीतर प्रथिनं पाहून नेफ्रोटिक सिंड्रोमचा शिक्का बसतो आणि स्टिरॉइड दिली जातात. बाई रुग्ण असेल तर “पांढरं जातंय” म्हणून तिची बोळवण होते. याचा मला मनापासून राग येतो, कारण निदान अवघड नाही. लोणी खायला देऊन नंतरची लघवी काचेच्या बाटलीत घ्या. थोडा ईथर घालून हलवा. मेद विरघळून ती निवळते. खात्रीसाठी ट्रायग्लिसराइड मोजा. कुठल्या बाजूचं मूत्रपिंड गळतंय, ते सिस्टोस्कोपीत दिसतं.

उपचारांत आधी आहार आणि हत्तीरोगावरचं औषध डीईसी. मध्यम साखळीचा मेद लसिकेची वाट न धरता थेट यकृताकडे जातो, म्हणून खोबरेलाचा सल्ला देतात. पण शेंगदाणा-जवसाच्या तेलावर वाढलेल्या घरात तो नुसत्या चिठ्ठीने पाळला जात नाही, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून समजावावं लागतं. एवढ्यानं भागलं नाही तर सिल्व्हर नायट्रेट किंवा पोव्हिडोन आयोडीनचं सौम्य द्रावण मूत्रपिंडात सोडतात. निवासी डॉक्टरांना कळकळीनं सांगतो, सिल्व्हर नायट्रेट दोन्ही बाजूंना एकाच वेळी कधीही देऊ नका. त्यानं लघवी बंद पडून जीव गेलेले आहेत. शस्त्रक्रिया शेवटी.

2019 पासून नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाविरुद्ध एकत्र तीन औषधं देण्याची मोहीम सुरू झाली. नवा संसर्ग घटला, तरी पूर्वी लागण झालेली माणसं पुढची अनेक वर्षं आपल्या दारात येत राहतील. म्हणून उद्याच्या सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडणार आहे: विदर्भातल्या कायल्युरिया रुग्णांची एक सामायिक नोंदवही ठेवावी आणि ग्रामीण रुग्णालयांच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांना ईथरची ही तपासणी शिकवायला आपल्यापैकी प्रत्येकानं वर्षातला एक दिवस द्यावा. नोंदवहीचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. वाचून दुरुस्त्या सुचवा.