बेटं कुणाची, आणि विचारायचं कुणाला?



रेषा कोण ओढतो आणि त्या रेषेवर राहणाऱ्याला कोण विचारतो, हा प्रश्न सीमाभागातल्या पोरांना नवा नाही. आज मी तो दूरच्या दोन द्वीपसमूहांबद्दल विचारणार आहे.

तारीख लक्षात ठेवा : १६ डिसेंबर १९६५. त्या एकाच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दोन ठराव केले. २०६५ फॉकलंडबद्दल, २०६६ मॉरिशसबद्दल.

फॉकलंड दक्षिण अटलांटिकमध्ये. ताबा ब्रिटनचा, दावा अर्जेंटिनाचा. ठराव म्हणतो, वाटाघाटी करा आणि रहिवाशांचं ‘हित’ लक्षात घ्या. ‘इच्छा’ हा शब्द त्यात नाही. फरक बघा. हित दुसराही ठरवू शकतो, इच्छा ज्याची त्यानेच सांगायची असते. ब्रिटन म्हणतं, लोकांची इच्छा महत्त्वाची. अर्जेंटिना म्हणतं, १८३३ मध्ये बेटं बळकावून तुम्हीच माणसं वसवलीत, आता त्यांनाच विचारता होय? १९८२ च्या युद्धात नऊशेवर माणसं गेली. २०१३ मध्ये सार्वमत झालं. १५१७ जणांनी मत दिलं, ब्रिटन नको म्हणणारे फक्त ३. तरी वाद आहे तिथेच आहे.

आता हिंदी महासागरातलं चागोस. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधीच, १९६५ मध्ये, ब्रिटनने ही बेटं तोडून घेतली. मोबदला ३० लाख पौंड. ठराव २०६६ ने बजावलं होतं, मॉरिशसचे तुकडे करू नका. पण दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार रहिवासी मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडले. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना कागदावर कंत्राटी मजूर ठरवलं.

म्हणजे एकीकडे ‘लोकांची इच्छा’ म्हणायचं, आणि दुसरीकडे लोकच उचलून न्यायचे!

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, सल्ला म्हणून का होईना, ही तोडणी बेकायदा ठरवली. आमसभेत मॉरिशसच्या बाजूने ११६ देश उभे राहिले, त्यात भारतही. मे २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या : सार्वभौमत्व मॉरिशसला, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं ब्रिटनच्या हाती. बोलणी केली दोन सरकारांनी. चागोसच्या लोकांना त्यात खुर्ची नव्हती. काहींना करार हवा होता, काहींनी त्याविरुद्ध कोर्ट गाठलं.

मुत्सद्द्यांचा पेच खोटा नाही. फक्त इच्छा पाहिली तर माणसं वसवणाऱ्याला बक्षीस मिळतं. फक्त जुना हक्क पाहिला तर माणसं जमिनीसोबत, सातबाऱ्यावरच्या झाडासारखी, इकडून तिकडे जातात. माझं म्हणणं एवढंच : जमीन कुणाची हे कोर्ट सांगेल, पण तिथून हुसकावलेल्यांना बोलणीत जागा मिळायलाच पाहिजे. तेवढ्याने वाद मिटणार नाही. पण त्याशिवाय झालेला करार अर्धाच.

पुढच्या वेळी कुठल्याही वादग्रस्त प्रदेशाची बातमी वाचाल तेव्हा एक शब्द शोधा. तिथे ‘हित’ लिहिलंय की ‘इच्छा’? आणि ते कुणी लिहिलंय?