निंदणीचं संशोधन कुणासाठी?

(कार्यकर्त्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



गेल्या पावसाळ्यात एका सरकारी कृषी संशोधन केंद्राच्या बैठकीला मी गेले होते. पुढच्या काही वर्षांत कुठल्या नव्या तंत्रज्ञानावर काम करायचं, याबद्दल शेतकऱ्यांची मतं घ्यायची होती. आलेले बहुतेक सगळे सातबाऱ्यावर नाव असलेले पुरुष. पहिलाच विषय तणाचा. मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक सोसणारी वाणं हवीत, असं जवळजवळ ठरलंच. ज्यांना ते 'मजूर' म्हणत होते, त्या बाया त्या वेळी कुणाच्या तरी रानात वाकून निंदत होत्या.

अशी वाणं आता आली आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा बासमती १९७९ आणि १९८५ ही भाताची वाणं २०२१ साली प्रसारित झाली. इमाझेथापायर हे तणनाशक त्यांना मारत नाही. लावणी न करता थेट पेरणी करता येते, पाणी वाचतं. पाणी वाचायला हवंच. पण आपल्याकडे लावणी आणि निंदणी ही बायकांची कामं. अशा हिशेबात बाईचा रोज येतो तो फक्त 'खर्च' म्हणून. तिच्या घरी तीच मिळकत असते.

परत आल्यावर मी वस्तीत विचारलं. एक मावशी म्हणाली, "फवाऱ्यानं तण मरत असंल तर मरू दे. माझी कंबर तरी वाचंल." दुसरी लगेच म्हणाली, "आन् आखाड-श्रावणात चूल कशावर पेटायची? तांदुळजा, घोळबी त्याच्यातच जळायची."

दोघींचंही खरं आहे. म्हणून आपण तंत्रज्ञानाला सरसकट विरोध करू नये आणि कष्टांचे गोडवेही गाऊ नयेत. उभ्यानं चालवायचं चाकाचं कोळपं कंबर वाचवतं आणि रोजही टिकवतं. शेतकरी स्त्रियांसाठी भुवनेश्वरला १९९६ पासून केंद्रीय संस्था आहे, कष्ट कमी करणं हा तिच्या कामाचाच भाग आहे. तरी गावात अवजार आलं की ते पुरुषाच्या हाती जातं, आणि अनुदान सातबारा बघून मिळतं. भूमिहीन बाईनं काय दाखवायचं?

ही केंद्रं जनतेच्या पैशावर चालतात. साबणाची वडी घेणारी बाईसुद्धा कर भरते. तेव्हा विषय निवडतानाच विचारायला हवं: कष्ट कुणाचे कमी होणार? रोज कुणाचा बुडणार? विष कोण हाताळणार? अवजार कुणाच्या नावावर होणार? फवारणीतल्या विषबाधेनं २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

पुढच्या बैठकीला मी एकटी जाणार नाही. निंदणाऱ्या दहाजणी बरोबर येतील, आणि त्या दिवसाचा त्यांचा रोज केंद्रानं द्यावा, ही आपली पहिली मागणी असेल.